कल्पना तुमची, नाव साहेबांचं: काय करायचं?

रत्नागिरीच्या बाजूला आंब्याच्या कॅनिंगमध्ये क्वालिटीचं काम करते मी. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत मान वर करायला सवड नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत चांगल्या गोष्टी सुचतात. मग आठवड्याभराने साहेब शेठना सांगताना ऐकू येतं, "मी म्हटलं, असं करून बघू या."

आमच्यासारख्या ठिकाणी तक्रार करायला एचआर नसतो. साहेब शेठच्या साडूच्या नात्यातले, तुमचे काका साहेबांच्याच वाडीतले आणि गणपतीत आरतीला सगळे एकाच खळ्यात. त्यामुळे खरी कामाची ती भांडणाच्या आधीची तयारी.

पहिलं म्हणजे कच्ची कल्पना चहाच्या टपरीवर बोलून टाकू नका. आधी छोटी ट्रायल घ्या आणि तिची नोंद ठेवा. एक उदाहरण देते. पिकायला ठेवलेल्या मालाचे क्रेट एकावर एक रचलेले असतात. माणसं हाताला येईल तो वरचा क्रेट उचलतात, खालचा आधी पिकलेला माल तसाच राहून सडतो. उपाय साधा आहे: माल ज्या दिवशी भरला त्या दिवसाच्या रंगाची सुतळी क्रेटला बांधायची. सोमवारची लाल, मंगळवारची हिरवी, असं. हे साहेबांना तोंडी सांगितलंत तरी त्याच संध्याकाळी कामाच्या ग्रुपवर मेसेज टाका:

"साहेब, मघाशी बोलल्याप्रमाणे उद्यापासून डाव्या बाजूच्या क्रेटना दिवसाप्रमाणे रंगीत सुतळी लावते आहे. उजवी बाजू नेहमीसारखी. दोन्हीकडचा फेकलेला माल रोज वजन करून रजिस्टरला लिहीन. रंगांची कल्पना सॉर्टिंगच्या मावशींची. चालेल ना?"

"बोलल्याप्रमाणे" म्हटलं की साहेबांचा मान राहतो. "लावते आहे" यात काम कोणाचं ते येतं. आणि "चालेल ना" विचारलं की साहेबांचा अंगठा येतोच. तो आला की तारीख, वेळ, साक्षीदार सगळं एका ठिकाणी झालं.

मावशींचं नाव मुद्दाम घातलंय. सॉर्टिंग टेबलावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना मालाचं जे कळतं ते आपल्याला रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये दिसत नाही. त्यांचं आपण ढापायचं आणि साहेबांच्या नावाने बोटं मोडायची, हे मला पटत नाही.

आता मीटिंग. साहेब तुमचीच गोष्ट "मी" लावून सांगतायत. मध्ये तोंड घालू नका, शेठसमोर तर नाहीच. त्यांचं संपू द्या आणि करणाऱ्यालाच माहीत असेल अशी एक बारीक गोष्ट जोडा: "हो शेठ, फक्त धुताना रंग जात होता, म्हणून मी आता नायलॉनची दोरी घेतली. डाव्या बाजूचा फेकलेला माल किती कमी झाला ते रजिस्टरला आहे, दाखवू?" शेठना पैशाचं कळतं. पुढचा प्रश्न ते बहुधा तुम्हालाच विचारतात.

सगळेच साहेब चोर नसतात बरं का. हापूस कापल्याशिवाय साका, म्हणजे आतला खराब झालेला गर, कळत नाही, तसंच यांचं. "आमच्या सेक्शनने केलं" म्हणणारा साहेब त्याचं काम करतोय, त्याच्यावर रुसू नका. एखाद्या वेळी "मी" म्हणाला तर सोडून द्या. दर वेळी तेच होत असेल तर एकट्याला गाठून बोला, पण सीझनमध्ये नको. जूनमध्ये शेवटची बॅच निघाली, मशिनं खोलायला घेतली की साहेबही जरा माणसात येतात. तेव्हा "तुम्ही माझं श्रेय घेतलंत" म्हणू नका, ते लगेच अंगावर येतील. काहीतरी मागा: "साहेब, सुतळीचं काम शेठना आवडलं. पगारवाढीच्या वेळी ते माझ्या नावाने सांगाल का?" समोरासमोर नाही म्हणणं अवघड जातं.

कोणी ना कोणी "केस टाक" म्हणतंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, आणि नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्या मालकाचाच असतो. खरोखर पेटंट घेण्यासारखा शोध असेल तर गोष्ट वेगळी. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शोधकाला पेटंटमध्ये आपलं नाव घालायला मागता येतं. सुतळीसाठी मात्र कोर्टाची पायरी चढू नका.

एवढं करूनही साहेब बदलत नसतील तर दुसरीकडे बघा. सीझन लागायच्या आधी, फेब्रुवारीच्या सुमारास विचारलेलं बरं, तेव्हा कारखान्यांना माहीतगार माणसं हवी असतात. तिथे जुन्या साहेबांचं रडगाणं गाऊ नका. क्रेट कसे लावले, वजन कसं धरलं, अडचण कुठे आली ते सांगा. रजिस्टर कंपनीचं असतं, त्याचे फोटो काढून बाहेर दाखवू नका. आणि ज्याने हे हाताने केलंय, त्याला फोटो लागतही नाहीत. दुसऱ्या प्रश्नालाच समोरच्याला कळतं.