श्रेयनामावली वाचून ऑल्टरनेटिव्ह रॉक कसे ऐकावे

आवडत्या बँडचे सगळे अल्बम पाठ झाल्यावर पुढे काय ऐकायचे, हा प्रश्न ऑल्टरनेटिव्ह रॉकच्या, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेर वाढलेल्या रॉक संगीताच्या, प्रत्येक जुन्या चाहत्यापुढे कधी ना कधी येतो. अशा वेळी स्ट्रीमिंग सेवेने सुचवलेल्या यादीवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या यादीत आधीच आवडणाऱ्या गाण्यांची भावंडेच फिरून फिरून भेटतात. त्याऐवजी अल्बमची श्रेयनामावली वाचावी आणि ध्वनिमुद्रण कोणी केले, मिक्सिंग (वेगवेगळे ध्वनिमुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचे काम) कोणाचे आहे व रेकॉर्ड कोणत्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढली, एवढे टिपून घ्यावे.

उदाहरणादाखल निर्वाणा या बँडचा १९९३ सालचा 'इन युटेरो' हा अल्बम घ्या. त्याचे ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी यांनी केले. स्वतःला निर्माता म्हणवून घेणे त्यांना मान्य नव्हते आणि रॉयल्टीही ते घेत नसत. त्यांच्या नावाचा माग काढला की पिक्सीजचा 'सर्फर रोझा' (१९८८) आणि पीजे हार्वीचा 'रिड ऑफ मी' (१९९३) हाती लागतात. 'सर्फर रोझा'मधील पहिल्या गाण्याची सुरुवात नुसत्या ड्रम्सनी होते. तेवढा तुकडा चांगल्या हेडफोनवर ऐकला, तर ड्रम्सबरोबर ते ज्या खोलीत वाजत आहेत तिचा घुमारही ऐकू येतो. लगेच त्याच बँडचा पुढच्या वर्षीचा, गिल नॉर्टन यांनी निर्मिती केलेला 'डूलिटल' लावावा. वादक तेच असूनही आवाज किती आटोपशीर आणि घोटीव झाला आहे, हे सांगावे लागत नाही.

याहून बारकाईने ऐकायचे असेल, तर एकाच गाण्याची दोन मिक्स शेजारी ठेवावीत. 'इन युटेरो'मधील 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही गाणी प्रसिद्धीपूर्वी स्कॉट लिट यांच्याकडे पुन्हा सोपवली गेली, आणि अल्बिनींची मूळ मिक्स २०१३ च्या विसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत मिळतात. 'हार्ट-शेप्ड बॉक्स'च्या परिचित रूपात निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनच्या आवाजाला नंतर जोडलेली साथ आहे. मूळ मिक्समध्ये ती शोधून पाहावी. तुलना करण्यापूर्वी दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावून घेणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण जे किंचित मोठ्याने वाजते तेच सरस वाटते आणि जुन्या अल्बमच्या नव्या रीमास्टरबद्दलची (मूळ ध्वनिमुद्रणावर पुन्हा संस्कार करून काढलेल्या आवृत्तीबद्दलची) निम्मी वादावादी त्यातूनच उद्भवते.

दुसऱ्याची गाणी बँड कोणाकडून घेतो, हेही पाहावे. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेल्या, एमटीव्ही वाहिनीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात निर्वाणाने मीट पपेट्सची तीन गाणी वाजवली, तीही त्या बँडच्या कर्कवुड बंधूंना मंचावर सोबत घेऊन. ती तिन्ही गाणी १९८४ सालच्या 'मीट पपेट्स टू' या एकाच अल्बममधली आहेत. तो अल्बम एसएसटी या लेबलचा असून हस्कर डू, सॉनिक यूथ आणि डायनोसॉर ज्युनियर यांच्याही रेकॉर्ड त्याच लेबलने काढल्या होत्या. म्हणजे एका कार्यक्रमातून कित्येक महिन्यांच्या ऐकण्याची सोय झाली.

आवडत्या बँडचा एखादा अल्बम पटत नाही, तेव्हा खरी कसोटी लागते. आर.ई.एम.च्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (१९९२) या बहुतांशी संथ अल्बमनंतर १९९४ मध्ये आलेल्या 'मॉन्स्टर'च्या कर्कश गिटारींनी अनेकांचा विरस केला. असा अल्बम सुटी गाणी निवडून ऐकू नये. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा ऐकावा आणि तरीही आवडला नाही तर तसे बेलाशक म्हणावे. निष्ठा म्हणजे सरसकट कौतुक नव्हे. गंमत अशी की 'मॉन्स्टर'चे सहनिर्माते असलेल्या स्कॉट लिट यांनाच पुढे आपले मिक्स बदलावेसे वाटले. २०१९ च्या आवृत्तीतील त्यांच्या नव्या मिक्समध्ये गायक मायकेल स्टाइपचा आवाज बराच पुढे आला आहे.

संग्रहाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवाव्यात, आणि जुनी प्रत घेताना रेकॉर्डच्या मध्यभागी चिकटवलेल्या कागदी लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला क्रमांक पाहावा, म्हणजे ती कोणत्या छपाईची (प्रेसिंगची) आहे हे ताडून घेता येते. प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाताना इअरप्लग न्यावेतच: १०० डेसिबलच्या आवाजात कानांना सुरक्षित मानलेला अवधी साधारण १५ मिनिटांचा आहे आणि रॉकचा कार्यक्रम त्याहून कितीतरी लांबतो.