गोष्ट अंगावर चढवताना: सेन्सरच्या कलाकृतींतल्या या चुका टाळा

सेन्सर बसवलेला पोशाख किंवा इंटरॅक्टिव्ह मांडणी बिघडते ती बहुतेक वेळा सर्किटला हात लागण्याआधीच. गोष्ट एक जण लिहितो, वायरिंग दुसरा करतो आणि प्रदर्शन तोंडावर आलं की दोन्हींची घाईघाईने सांगड घातली जाते. मग हात हलवला की जॅकेटचे दिवे लुकलुकतात, पण गोष्ट राहते भिंतीवरच्या फलकात. तो फलक झाकून ठेवा आणि ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला पोशाख घालायला द्या. काय केल्याने काय घडलं हे त्याला सांगता आलं नाही, तर आणखी दिवे लावून उपयोग नाही.

कॅनडाच्या कलाकार शार डेव्हिस यांची 1995 सालची ‘ऑस्मोस’ ही आभासी जगाची कलाकृती या बाबतीत आजही बघण्यासारखी आहे. डोक्यावर डिस्प्ले, छातीवर श्वास मोजणारं जॅकेट. श्वास घेतला की त्या आभासी जगात माणूस वर तरंगतो, सोडला की खाली जातो. तिथे बटण नाही, जॉयस्टिक नाही. अंगाची हालचाल हेच कथानक.

फाटे वाढवत नेणे

पाच टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर तीन पर्याय ठेवले तर 243 शेवट होतात. प्रेक्षक त्यातला एक पाहतो आणि पुढे निघतो. वाटा फुटू द्या, पण दोन-तीन ठिकाणी त्या पुन्हा एकत्र आणा.

सगळे सुरुवातीपासून येतील असं धरणे

दालनात माणूस मधेच येतो, मधेच जातो. कलाकार राफाएल लोझानो-हेमर यांच्या ‘पल्स रूम’ (2006) या दिव्यांच्या मांडणीत हा अडथळाच कामाला लावला आहे. सेन्सर धरला की एक दिवा तुमच्या नाडीच्या ठोक्यावर लुकलुकतो. हात काढला की तुमचे ठोके रांगेतल्या पुढच्या दिव्यांकडे सरकतात आणि सर्वांत जुने ठोके बाहेर पडतात. कुणीही कधीही आलं तरी गोष्ट अर्धवट वाटत नाही.

सेन्सरचा आकडा म्हणजे भावना समजणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. प्रकाशावर चालणारा नाडीचा सेन्सर हात हलला किंवा बोटं गार असली की वाटेल ते आकडे देतो. त्वचेची विद्युतवाहकता मोजायची तर तिचा प्रतिसाद साधारण 1 ते 3 सेकंद उशिरा येतो. भीतीचा क्षण निघून गेल्यावर दिवा लाल होतो आणि घालणाऱ्याला वाटतं, पोशाख बिघडलाय. त्यामुळे अशा सेन्सरवर दचकण्याचा प्रसंग बेतू नका. हळूहळू चढत जाणारा ताण त्याला चांगला जमतो.

दुसरं म्हणजे, सर्वांसाठी एकच मर्यादा ठेवू नका. बसलेल्या निरोगी माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100 यात कुठेही असू शकते. ‘90 च्या वर गेली की गोष्टीत वादळ’ असं ठरवलंत, तर काहींच्या वाट्याला पहिल्या सेकंदापासून वादळच. आधी अर्धा मिनिट त्या माणसाची स्वतःची पातळी मोजा. ‘कृपया थांबा’ लिहायची गरज नाही, मोजणी चालू असताना गोष्टीचा पहिला प्रसंग संथपणे उलगडू द्या. वादळ सुरू होण्याची आणि थांबण्याची मर्यादाही वेगळी ठेवा, म्हणजे आकडा सीमेवर घुटमळला तरी प्रसंग चालू-बंद होत राहणार नाही.

गोष्ट कोणाला दिसते हे न ठरवणे

पाठीवरचे दिवे घालणाऱ्याला दिसत नाहीत, इतकी साधी बाब आराखड्यात निसटते. फॅशन डिझायनर अनूक विप्रेख्त यांच्या ‘स्पायडर ड्रेस’मध्ये कुणी फार जवळ आलं की खांद्यावरचे यांत्रिक पाय बाहेर येतात, तिथे गोष्ट समोरच्याला सांगायची आहे, आणि त्याला ती लगेच कळते. घालणाऱ्याला सांगायची असेल तर कंपन, ऊब किंवा दाब वापरा.

ऐन रंगात येऊन गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होणे

शेवटच्या प्रसंगात सगळे एलईडी आणि मोटर एकदम चालू करायचा मोह सगळ्यांनाच होतो. डब्ल्यूएस2812 जातीचा एक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात साधारण 60 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे तीस दिव्यांना 1.8 अँपिअर. छोटी बॅटरी आणि कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणाऱ्या) धाग्याची लांब शिवण यांत व्होल्टेज कोसळतं, पोशाख चालवणारा सर्किट बोर्ड रीसेट होतो आणि नायिका परत पहिल्या प्रसंगात. लोक मग कोडमध्ये चूक शोधत बसतात. उजेड कमी ठेवा, मोटर क्षणभर मागाहून सुरू करा, वीज नेणारा मार्ग धाग्याऐवजी लवचिक तारेचा करा. कोणता प्रसंग चालू आहे तेही ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या मेमरीत) नोंदवा, पण प्रसंग बदलला तेव्हाच. आर्डुइनो उनो या अशा कामांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या बोर्डच्या चिपमधल्या ईईप्रॉमची हमी सुमारे 1,00,000 वेळा लिहिण्याची असते. लूपमध्ये (सतत फिरत राहणाऱ्या कोडमध्ये) एकाच जागी सतत नवी किंमत लिहीत राहिलात तर ती काही मिनिटांत संपते.