नाचणीचं सत्व: पिशवी पिळू नका, पाणी तापवू नका

सत्व म्हणजे मोड आलेली नाचणी पाण्यात वाटून, गाळून, तळाला बसलेलं पिष्ट (स्टार्च) वाळवलेलं. ते करायचं तर दिवाळीनंतर, आणि मे अर्धा सरेपर्यंत. पावसाळ्यात आमच्या किनारपट्टीला कपडे वाळत नाहीत, तिथे सत्व काय वाळणार! आषाढात सत्व करा म्हणून सांगणारा माणूस कोकणात राहत नसतो, एवढं नक्की.

नाचणी नव्या पिकाची घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी झाली की गावात कुणाकडे तरी मिळतेच. दापोली-१ असो की घरची गावठी जात, मोड येण्याशी मतलब. दुकानात वर्षभर पडून राहिलेली नाचणी धड उगवत नाही, आणि न उगवलेले दाणे भिजून नुसते आंबतात. एका वेळी किलोभर पुरे.

निवडा, रोवळीत घालून वाळू जाईपर्यंत धुवा, रात्रभर भिजवा, सकाळी निथळून पंच्यात सैल बांधा, मधे एकदा पाण्याचा हबका मारा. आपल्या दमट हवेत दुसऱ्या सकाळी मोड दिसतात.

इथेच थांबायचं. पांढरं टोक बाहेर आलं, फार तर अर्धा सेंटिमीटर झालं, की बस. ‘मोड जितका लांब तितकं सत्व पौष्टिक’ असं जो तो सांगत असतो, ते कानाआड करा. मोड वाढतो तो दाण्यातलं पिष्ट खाऊनच. दाण्यातली विकरं (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात, साखर पाण्यात विरघळते आणि ते पाणी आपण शेवटी ओतूनच देणार. म्हणजे लांब मोडांची नाचणी वाटलीत तर सत्व मोरीत गेलं.

आता गाळणं. बाकी सगळं कुणालाही जमतं. मला बरीच वर्षं छळलं ते या पायरीने. कधी सत्व तपकिरी आणि करकरीत व्हायचं, कधी पिशवीतून खाली काही उतरायचंच नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. पाणी थंडच हवं, माठातलं असेल तर उत्तम. ‘कोमट पाण्यात वाटलं की जास्त निघतं’ हा सल्ला बहुधा बिअरवाल्यांकडून आला असावा. तेही धान्याला मोड आणतात, पण बार्लीला. मग ती वाळवून, भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवतात. त्या उष्णतेत विकरं झपाट्याने काम करतात आणि पिष्टाची साखर होते. त्यांना साखरच हवी असते, म्हणून त्यांचं बरोबर आहे. आपल्याला पिष्ट अखंड हवंय. पाणी तापलं की पिष्ट फुगून चिकट होतं, कापडाची भोकं बुजतात आणि पिशवीत खळ तयार होते. मिक्सरसुद्धा तापतो हे लक्षात ठेवा. दोन-दोन मुठी नाचणी घ्या, भरपूर पाणी घाला, थांबत थांबत फिरवा. भांड्याला हात लावून पाहा. कोमट लागलं तर थोडा दम खा.

दुसरी गोष्ट कापडाची. बाजारात मिळणारी मलमल फार विरळ असते, चहाच्या गाळणीचं तर नावच काढू नका. वापरून वापरून मऊ झालेलं धोतर किंवा पंचा घ्या आणि त्याची कोपरापर्यंत हात जाईल इतकी खोल पिशवी शिवा. ती साबणाने धुवायची नाही, सत्वाला वास लागतो. नुसत्या पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवा.

वाटलेल्या नाचणीने पिशवी तिसरा हिस्साच भरा. मोठ्या टोपात पाणी घेऊन ती त्यात बुडवा आणि पाण्याखालीच हाताने चोळत राहा. पाणी हळूहळू दुधासारखं होतं. मग पिशवी वर उचलून टांगा, आपोआप ठिबकू द्या. पिळायची नाही. चिंचेचा कोळ काढताना लावतो तसा जोर इथे लावलात तर दाण्याचं बारीक साल विणीतून निसटतं, आणि तीच ती करकर. जोर लावण्यापेक्षा पाणी बदला. दुसऱ्या पाण्यात चोळा, मग तिसऱ्या. उतरणारं पाणी पातळ दिसायला लागलं की चोथा संपला समजा. शेवटी सगळं पाणी एकत्र करून दुहेरी कापडातून एकदा गाळून घ्या.

मग ते उभट भांड्यात निवळायला ठेवा. रात्रभर ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पुण्याच्या थंडीत चालेल, आमच्याकडे सकाळी वर बुडबुडे आणि आंबूस वास. दोन-तीन तासांत सत्व तळाला बसतं. वरचं पाणी वाटीने हलकेच काढा (भांडं तिरकं केलंत की सगळं पुन्हा ढवळतं), ताजं थंड पाणी घाला, तळापासून हलवा, परत बसू द्या. असं दोनदा-तीनदा. रात्र मधे येत असेल तर भांडं फ्रीजमध्ये. आंबूसच आवडतं म्हणणाऱ्यांनी सरळ आंबील करावी.

शेवटचं पाणी काढल्यावर नीट पाहा: वर तपकिरी, बुळबुळीत थर असतो, खाली फिकट, घट्ट वडी. वरचा थर चमच्याने खरवडून चोथ्यात टाका. आळस केलात तर सत्वाचा रंगही जातो आणि चवही.

वडीचे तुकडे करून सुती फडक्यावर पसरा. सावलीत वाळवा म्हणतात. किनाऱ्यावर सावलीत ते आंबतं. वर पातळ कापड टाकून कडक ऊन द्या, अर्धवट सुकलं की हाताने चुरा, आणि संध्याकाळचा खारा वारा सुटायच्या आत घरात पंख्याखाली आणा. मुठीत दाबल्यावर गोळा होत नसेल तर वाळलं. चाळून काचेच्या बरणीत भरा, जूनपासून बरणी फ्रीजमध्ये.

किलोमागे निम्म्याहून जास्त मिळेल या आशेवर राहू नका. आणि सत्व म्हणजे कॅल्शियमचा खजिना असंही कुणाला सांगू नका. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं, पण त्यातलं बरंचसं सालात, म्हणजे चोथ्यात राहतं. सत्व हे पचायला हलकं अन्न आहे. ६ महिन्यांपुढच्या बाळाला किंवा आजारातून उठलेल्या माणसाला ते द्यावं ते त्यासाठी. धडधाकट माणसाने भाकरी खावी. चोथा त्याच दिवशी थालीपिठाच्या पिठात मळून टाका, दुसऱ्या दिवशी तो कोंबड्यांच्याच कामाचा.

शिजवताना एक चमचा सत्व कपभर गार पाण्यात आधी कालवा आणि मगच गॅस पेटवा. ढवळत राहा, रंग गडद होऊन चकाकी आली की उतरवा. मोठ्यांसाठी जरा निवल्यावर ताक, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. उकळत्या सत्वात ताक ओतलंत तर ते फाटेल.