तलावातली जलपर्णी काढण्याची आणि ती परतू न देण्याची रीत

नागपूरच्या तलावांवर दाटणाऱ्या ज्या वनस्पतीला सरकारी कागदात जलपर्णी आणि काठावरच्या बोलण्यात जलकुंभी म्हणतात, ती काढण्याचा बेत बहुधा एखाद्या रविवारी, शे-दीडशे स्वयंसेवक, दोन ट्रॅक्टर आणि एक पोकलेन यांच्या भरवशावर आखला जातो. तो दिवस अगदीच वाया जातो असे नाही. परंतु काढणी हे या कामातले सर्वांत सोपे काम असून ते सर्वांत शेवटी करायचे असते, हे लक्षात न घेतल्यामुळे पुढच्या पोळ्यापर्यंत तलाव पुन्हा हिरवा झालेला दिसतो. खाली दिलेली रीत नागरिकांचे गट, मच्छीमार सहकारी संस्था आणि तलावाकाठच्या ग्रामपंचायती यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

प्रथम ओळख पक्की करावी. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. फुगीर व स्पंजासारखे देठ, गोलसर चकचकीत पाने, पाण्यात लोंबणारी काळसर झुबकेदार मुळे आणि जांभळट फुलाच्या वरच्या पाकळीवरचा पिवळा ठिपका या खुणांवरून ती ओळखू येते. शिंगाडा आणि कमळ यांना तिच्याबरोबर उपटू नये. विदर्भातल्या अनेक तलावांत शिंगाडा हे ढिवर कुटुंबांचे पीक असते, आणि शहरातून आलेल्या उत्साही हातांनी ते ओरबाडले तर ज्या माणसांचे सहकार्य सर्वांत जास्त लागणार आहे तीच पहिल्या दिवशी दुरावतात. नाल्याच्या मुखाशी वाढलेले पाणकणीस काही प्रमाणात गाळ अडवते व पक्ष्यांना आसरा देते, म्हणून तेही सरसकट साफ करू नये. काठावर वाढणारी बेशरम ही झुडपी वनस्पती मात्र परकीच आहे. तिच्या खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी तो रुजतो, त्यामुळे ती नुसती छाटून भागत नाही, मुळासकट खणावी लागते.

त्यानंतर मोजमाप. बांबूची एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट बांधून ती दाट थरावर टाकावी, आतली सगळी वनस्पती काढून पाणी निथळू द्यावे आणि वजन करावे. अशी पाच-सहा ठिकाणे तपासून सरासरी घ्यावी. समजा, चौरस मीटरला 25 किलो वजन भरले, तर एका हेक्टरला ते 250 टन होते, म्हणजे दहा टनी ट्रकच्या पंचवीस खेपा. हा हिशेब ठराव मांडण्यापूर्वी करावा, कारण तो समोर ठेवला की हाताने काढायचे की यंत्राने आणि किती दिवसांत, या प्रश्नांची उत्तरे आपोआप निघतात. तलावाचा नकाशा काढून त्यावर थर कोठे आहे, वाऱ्याने तो कोणत्या काठाला लागतो आणि सांडवा कोणत्या बाजूस आहे हेही नोंदवावे.

यापुढचा भाग खरा महत्त्वाचा आहे आणि तोच नेहमी टाळला जातो. जलपर्णी अनुकूल ऋतूत साधारण एक ते तीन आठवड्यांत दुप्पट होते, ती पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन व फॉस्फरसच्या जोरावर. आणि ही द्रव्ये प्रामुख्याने प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातून व शेतातून वाहून आलेल्या खतांतून येतात. तेव्हा तलावाला मिळणारा प्रत्येक नाला पायी चालत वरपर्यंत पाहावा. पावसाळ्याचे पाणी ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये जो नाला वाहता असतो, त्यातले पाणी पावसाचे नसते हे सांगण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रयोगशाळेचा उपयोग त्यानंतर करावा: नाल्याच्या मुखाशी, तलावाच्या मध्यभागी आणि सांडव्याजवळ अशा तीन ठिकाणचे नमुने एकाच दिवशी घेऊन विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), नायट्रेट, फॉस्फेट आणि औद्योगिक पट्टा जवळ असल्यास जड धातू तपासून घ्यावेत. 1958 साली स्थापन झालेली नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था याच शहरात आहे, तेव्हा निदान जाणकारांचा सल्ला दूर नाही.

नाल्याच्या शोधातून एक गोष्ट हमखास पुढे येते, ती म्हणजे तलाव एका यंत्रणेकडे, नाला दुसरीकडे, वरची वस्ती तिसऱ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत आणि मासेमारीचा ठेका चौथ्याकडे. अंबाझरीचेच पाहा: तलाव शहराच्या पश्चिम टोकाला, पाणलोट त्याहून पश्चिमेला वाढत्या वस्त्या व कारखान्यांच्या दिशेने पसरलेले, आणि सांडव्यावरून सुटलेले पाणी नाग नदीने थेट शहराच्या मध्यातून जाणारे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अतिवृष्टीनंतर हा तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. सांडव्याच्या तोंडाशी तरंगत्या वनस्पतीचा थर अडकला तर पाण्याची वाट अरुंद होते, म्हणून जलपर्णीचा विषय सौंदर्यीकरणाच्या शीर्षाखाली न मांडता पूरसुरक्षेच्या शीर्षाखाली मांडावा; फाइल निराळ्या वेगाने हलते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून काढणीपूर्वी एक बैठक घ्यावी आणि तीत महानगरपालिका, वरच्या भागातील नगरपरिषद वा ग्रामपंचायत, पाटबंधारे खाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ, उद्योजकांचे प्रतिनिधी, मच्छीमार संस्था आणि गणेशोत्सव मंडळे या सर्वांना बोलवावे. बैठकीत भाषणे न होऊ देता चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: कोणता नाला कोण व कधीपर्यंत वळवणार, काढलेला माल कोणाच्या जागेवर पडणार, काढणीनंतरच्या देखभालीचा खर्च कोण उचलणार आणि पाण्याचे आकडे दर महिन्याला कोठे लावले जाणार.

इतक्या खटाटोपाची गरज काय, असे कोणी विचारल्यास मोठ्या सामाईक सरोवरांचे दाखले द्यावेत. अमेरिका व कॅनडा यांनी 1909 मध्ये सीमेवरील पाण्याचा करार करून संयुक्त आयोग नेमला, आणि पुढे सीमेवरच्या महासरोवरांपैकी ईरी सरोवर शेवाळाने गुदमरू लागल्यावर 1972 च्या करारान्वये दोन्ही देशांनी फॉस्फरसचे प्रमाण घटवण्याचे बंधन स्वीकारले. शेवाळ उपसत बसण्यापेक्षा त्याचे खाद्य तोडणे त्यांना पटले. त्याच सरोवरांत शिरलेल्या, माशांचे रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रे या परक्या जलचराला आवरण्यासाठी 1950 च्या दशकात स्वतंत्र आयोग निघाला आणि त्याचे नियंत्रण आजही चालू ठेवावे लागते. केनिया, युगांडा व टांझानिया यांच्यात वाटलेल्या व्हिक्टोरिया सरोवरात तर हीच आपली जलपर्णी पसरली. 1990 च्या दशकात तेथे तिच्यावर जगणारे नियोकेटिना जातीचे भुंगे सोडले गेले, दशकाच्या शेवटी ती मोठ्या प्रमाणात ओसरली आणि सांडपाणी येतच राहिल्याने काही उपसागरांत पुन्हा उगवली.

आपल्या घराजवळचा दाखला पेंच नदीचा आहे. तोतलाडोह जलाशयाच्या पाण्यावर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा संबंध आहे, तेथील वीज दोन्ही राज्यांत वाटली जाते, आणि वरच्या बाजूला चौराई धरण झाल्यावर खाली येणारा ओघ घटला. जुलै 2019 मध्ये नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले, तेव्हा वरच्याने काय केले हा प्रश्न खालच्याच्या नळापर्यंत कसा पोहोचतो हे प्रत्येक घराला कळले.

आता काढणी. ती एप्रिल-मे महिन्यांत, मृग लागण्यापूर्वी पूर्ण करावी. पाणी उतरलेले असते, थर एका बाजूला गोळा झालेला असतो आणि नागपूरचे ऊन, ज्याची एरवी आपण तक्रार करतो, ते इथे कामाला येते. बांबू व दोराचा तरंगता अडसर बांधून तलावाचे भाग पाडावेत आणि नाल्याच्या मुखाकडून सांडव्याकडे सरकावे. एक भाग पूर्ण मोकळा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, कारण सुटलेली चार रोपेही मोकळ्या पाण्यात नव्याने वसाहत करतात. खोल भागातला थर डोंग्यांनी ओढत काठाशी आणावा आणि तेथून यंत्राने उचलावा. मच्छीमारांना या कामाची रोजी द्यावी. वारा, खोली आणि गाळ त्यांना ठाऊक असतो. पाण्यात उतरणाऱ्याने बूट व हातमोजे घालावेत, कारण थराखाली काचा, निर्माल्याच्या तारा आणि साप असू शकतात.

तणनाशक फवारू नये. एवढा मोठा थर एकदम मेला की तो पाण्यातच कुजतो, ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. शिवाय कुजलेल्या थरातली पोषकद्रव्ये तलावातच राहतात. भुंग्यांचा उपाय चांगला आहे, पण त्याला काही वर्षे लागतात आणि यंत्राने काढणी चालू असेल तिथे भुंगेही थराबरोबर बाहेर पडतात, म्हणून तो दुर्गम कोपऱ्यांसाठी, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयासारख्या संस्थेच्या सल्ल्याने करावा.

काढलेल्या मालाबाबत आम्ही एकदा चूक केली. ढीग काठाच्या उतारावरच ठेवला, वाहतुकीचा प्रश्न लांबला, आणि पहिल्या दमदार पावसाने अर्धा ढीग पाण्यात परत नेला. तेव्हापासून नियम असा, की माल उताराच्या पलीकडे, सपाट जागेवर, हातभर जाडीपेक्षा जास्त नाही असा पसरून वाळवावा. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे मे महिन्यात आठवडाभर वाळल्यावर उचलायचे वजन कितीतरी कमी होते. कंपोस्ट करायचे असल्यास शेण मिसळून ढीग चांगला तापू द्यावा व मधूनमधून उलटावा, म्हणजे बिया मरतात. मात्र ही वनस्पती पाण्यातले शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेते. औद्योगिक सांडपाणी मिळणाऱ्या तलावातला माल तपासणीशिवाय जनावरांना चारू नये आणि भाजीच्या वाफ्यात घालू नये.

बिया गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकतात, म्हणून खरी मोजदाद काढणीनंतर सुरू होते. दर पंधरा दिवसांनी डोंग्यातून एक फेरी मारावी, दिसेल ते रोप हाताने उचलावे आणि वहीत तारीख, जागा व रोपांची संख्या लिहावी. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या गाळाकडे विशेष लक्ष द्यावे, तेथे बारीक रोपे उगवतात. दुसऱ्या तलावातून आणलेली जाळी व डोंगे धुऊन, पूर्ण वाळवूनच पाण्यात उतरवावेत. घरच्या काचेच्या टाकीतले मासे अथवा कासव ‘मोकळे’ करण्याची सवय थांबवण्यासाठी घाटावर फलक लावावा. आफ्रिकी मांगूर पाळण्यावर बंदी असली तरी तो कोठे कोठे पाळला जातो आणि पुरात निसटतो. जाळ्यात असा मासा आला तर तो परत न सोडता संस्थेच्या वहीत नोंद करून मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावे. वहीची एक प्रत मच्छीमार संस्थेकडे आणि दुसरी वरच्या ग्रामपंचायतीकडे ठेवावी, आणि सप्टेंबरच्या फेरीत एखाद्या नाल्याच्या मुखाशी रोपे अचानक वाढलेली दिसली तर त्याच आठवड्यात तो नाला पुन्हा वरपर्यंत चालून पाहावा.