रुग्णवाहिका कुठे उभी करावी, कोणती पाठवावी: नकाशावरून निर्णय घेण्याची पद्धत

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या होत्या. अशा मोजक्या गाड्या कुठे उभ्या असाव्यात आणि आलेल्या कॉलला कोणती गाडी जावी, हे दोन्ही निर्णय जुन्या नोंदी नकाशावर मांडून तपासता येतात.

प्रथम किमान वर्षभराचे कॉल घ्यावेत आणि प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या कराव्यात: कॉल आला, गाडी नेमली, गाडी निघाली, घटनास्थळी पोहोचली, रुग्णालयात पोहोचली, मोकळी झाली. उशीर रस्त्यावर होतो की गाडी निघण्यापूर्वीच, हे यावरूनच कळते, आणि निघण्यापूर्वीच्या उशिरावर नकाशाकडे उपाय नाही. सरासरीवर विसंबू नये. शंभरांपैकी नव्वद कॉलना गाडी किती मिनिटांच्या आत पोहोचली, ते पाहावे.

त्यानंतर कॉलचे ठिकाण नकाशावर बसवावे. हे काम किचकट आहे. वडगाव आणि पिंपळगाव या नावांची गावे राज्यात कितीतरी आहेत, आणि घाबरलेला माणूस फोनवर ‘शाळेमागे, पाराजवळ’ एवढेच सांगतो. म्हणून जनगणनेतील गावांच्या संकेतांकांसोबत वाड्या, पाडे, देवळे, फाटे यांची बोलीतील नावे असलेली यादी आशा सेविकांच्या मदतीने तयार करावी. माझ्या मते महागड्या संगणकप्रणालीपेक्षा या यादीचा उपयोग अधिक होतो.

अंतर कधीही सरळ रेषेत मोजू नये. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठची गावे पाहा: समोरच्या काठावरची वस्ती डोळ्यांना दिसते, नकाशावर ती अगदी जवळ असते, पण गाडीला पाण्याला वळसा घालून घाटवाटेने जावे लागते. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावरील रस्ते घेऊन ओएसआरएम किंवा पीजीराउटिंग यांसारख्या मोफत साधनांनी प्रवासाचा वेळ काढता येतो. मात्र वेग कायदेशीर मर्यादेवरून न धरता स्वतःच्या गाड्यांच्या जीपीएस नोंदींवरून धरावा आणि पावसाळ्यासाठी, तसेच रात्रीसाठी वेगळा ठेवावा.

आता क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणकप्रणालीत प्रत्येक तळापासून, म्हणजे गाडी उभी राहते त्या जागेपासून, ठरावीक मिनिटांत पोहोचता येणारा भाग रंगवावा, आणि मग एकेक गाडी कॉलवर गेली आहे असे समजून तोच नकाशा पुन्हा काढावा. उघडी पडणारी गावे तेव्हाच दिसतात, आणि शेजारची गाडी तात्पुरती कोणत्या फाट्यावर आणून ठेवावी हेही ठरवता येते. जास्तीत जास्त कॉलना गाडी वेळेत पोहोचावी, एवढेच गणित मांडले तर सगळ्या गाड्या शहराकडे सरकतात. ते मला मान्य नाही. दूरच्या पाड्यालाही अमुक मिनिटांत गाडी मिळालीच पाहिजे, ही अट गणितातच घालावी.

गाडी नेमताना जवळचा तळ न पाहता त्या क्षणी कोणती मोकळी गाडी रस्त्याने लवकर पोहोचेल ते पाहावे, आणि रुग्णालय निवडताना अंतराबरोबरच तेथे आवश्यक उपचार होतात का, हेही पाहावे. सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविष नसलेल्या दवाखान्यात नेण्यात वेळच जातो.

तळ हलवण्यापूर्वी नव्या मांडणीवर मागील वर्षाचे कॉल चालवून पाहावेत, आणि सुचवलेले रस्ते चालकांसमोर ठेवावेत. कोणता पूल जुलैत पाण्याखाली जातो, हे त्यांनाच ठाऊक असते.