डोक्यातला टीबी की बुरशी? डेक्सा लिहिण्याआधी काय पाहायचं

मेडिसिन वॉर्डात नवीन रेसिडेंट आले की माझी पहिली ताकीद ठरलेली असते. सीएसएफमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात) लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, साखर कमी आणि प्रोटीन वाढलेलं, एवढ्यावर फाइलीत ‘टीबी मेनिंजायटिस’ (मेंदूच्या आवरणाचा टीबी) लिहायचं नाही. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी हुबेहूब हाच रिपोर्ट देऊ शकते. आपल्याकडे टीबी इतका आहे की हात आपोआप एकेटीकडे (टीबीच्या औषधांकडे) जातो, आणि बहुतेक वेळा तो योग्यच जातो. माझं भांडण एकेटीशी नाही, तिच्या खालच्या ओळीत सवयीने लिहिल्या जाणाऱ्या डेक्साशी, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडशी आहे.

टीबी मेनिंजायटिसमध्ये डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात, हे व्हिएतनाममधल्या २००४ च्या चाचणीत दिसलं. तेच औषध एचआयव्ही असलेल्या क्रिप्टोकॉकल रुग्णांना आशिया-आफ्रिकेतल्या सहा देशांत देऊन पाहिलं. तिथे सीएसएफमधली बुरशी हटायला जास्त वेळ लागला, अपंगत्व वाढलं आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. निकाल २०१६ मध्ये छापून आले. म्हणून माझा आग्रह: डेक्साच्या पहिल्या डोसआधी क्रॅगचा (क्रिप्टोकॉकसच्या अँटिजन तपासणीचा) रिपोर्ट हातात हवा.

(दोन दिवसांचा ताप, ताठ मान, गढूळ सीएसएफ असा, जिवाणूंच्या मेनिंजायटिसचा वाटणारा रुग्ण असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे अँटिबायोटिक आधी, चर्चा नंतर.)

आधी खाटेजवळ बसा

डोकेदुखी कधीपासून, हा प्रश्न नातेवाइकांना वेगळा आणि रुग्णाला वेगळा विचारा. टीबीत बहुधा आठवडे-दोन आठवडे बारीक ताप, भूक मेलेली, वजन उतरलेलं, मग उलट्या आणि ग्लानी. डोळा आत वळलेला किंवा एकाचे दोन दिसणं, म्हणजे डोळा बाहेर वळवणारी मेंदूची सहावी नस दुबळी. अचानक एका बाजूचा हात-पाय गेला तर मेंदूच्या तळाशी साचलेल्या स्रावाने रक्तवाहिनी बंद केली असेल, आणि हा कौल टीबीकडे जातो. लहान मूल असेल तर घरात खोकणारं कोण आहे ते विचारा. ‘टीबी आहे का कुणाला’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं. ‘आजोबांची गोळी किती महिने चालली?’ असं विचारा.

बुरशीत डोकेदुखी सगळ्यांत पुढे असते. ताप नावापुरता, मान बऱ्याचदा मऊ. रुग्ण डोकं धरून बसलेला असतो आणि नजर धूसर झाल्याचं सांगतो, कधी ऐकू कमी येतं म्हणतो. चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेल्या छोट्या पुटकुळ्या दिसल्या तर त्वचारोगवाल्यांना बोलवा, तिथेच बुरशी सापडू शकते. एचआयव्ही प्रत्येकाचा तपासा, वय आणि घर बघून सूट देऊ नका. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) शंभराच्या खाली असेल तर क्रिप्टोकॉकस यादीत वर येतो. पण एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणून बुरशी संपली नाही. किडनी बदललेला, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेला, लिव्हर सिरोसिसचा रुग्ण याच रांगेत आहे.

फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग) न पाहता पुढे जाऊ नका. कोरॉइडमध्ये (डोळ्याच्या पडद्यामागच्या थरात) पिवळट टीबीच्या गाठी दिसल्या तर अर्धं काम तिथेच झालं. पॅपिलिडीमा (डोळ्याच्या नसेच्या टोकाची सूज) मात्र दोन्हींत असतो.

पाठीतलं पाणी

भान हरपलेलं, एक बाजू कमजोर किंवा पॅपिलिडीमा असेल तर आधी सीटी. टीबीत पाणी अडून मेंदू फुगलेला असू शकतो, तिथे घाईने सुई घालणं धोक्याचं. सीटीत अडथळा किंवा गाठ नसेल तर मात्र पॅपिलिडीमा पाहून एलपी (पाठीत सुई घालून पाणी काढणं) टाळू नका. बुरशीत ती एलपी म्हणजेच उपचार आहे.

नातेवाईक घाबरतात. ‘पाठीत सुई टोचली की माणूस लुळा पडतो’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. मी सांगते, “आजी, हे पाणी शरीर रोज अर्धा लिटर नव्यानं बनवतं. आम्ही त्यातलं दोन चमचे घेतोय, आणि सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते.” हे शांतपणे सांगितलं की बहुतेक जण सही करतात.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त रागावते ती: ओपनिंग प्रेशर, म्हणजे सुई आत जाताच असलेला पाण्याचा दाब. मॅनोमीटर (दाब मोजायची नळी) नाही ही सबब मी ऐकत नाही. निर्जंतुक एक्स्टेन्शन ट्यूब सुईला जोडा, सरळ वर धरा, शेजारी मोजपट्टी लावा आणि सुईच्या पातळीपासून सेंटिमीटर मोजा. रुग्ण कुशीवर हवा. सुई आत गेली की त्याला पाय थोडे सैल करायला सांगा, पोटाशी घट्ट आवळलेले गुडघे आकडा फुगवतात. बसवून मोजलेलं प्रेशर लिहूच नका. २५ सेंटिमीटरच्या वर आणि स्कॅन जवळजवळ स्वच्छ असेल तर माझी नजर बुरशीकडे जाते. टीबीतही प्रेशर वाढतं, पण तिथे बहुधा स्कॅनमध्ये कारण दिसतं. क्रिप्टोकॉकल ठरलं की प्रेशर २० पर्यंत, किंवा फारच जास्त असेल तर निम्म्यावर येईपर्यंत पाणी काढा, आणि लक्षणं राहिली तर रोज काढा. मॅनिटॉल आणि अॅसिटाझोलामाइड ही दाब उतरवायची औषधं इथे कामाची नाहीत.

मोठ्या माणसात ८ ते १० मिली घ्या. दोन मिली पाठवून ‘सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह’ म्हणणं ही लॅबची चूक नाही. टीबीचे जंतू पाण्यात थोडे असतात, नमुना सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ तपासायचा असतो. त्याच वेळी रक्तातली साखर घ्या. मधुमेही रुग्णाची सीएसएफ साखर ७० आली की सगळे निर्धास्त होतात, पण रक्तात २८० असेल तर ते पाव आहे, म्हणजे कमीच.

लॅबकडून काय मागायचं

क्रॅगच्या पट्टीला एक थेंब डायल्युएंट आणि ४० मायक्रोलिटर सीएसएफ लागतं, दहा मिनिटांत उत्तर. इंडिया इंक (शाई घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहणं) जरूर करा, पण तिच्यावर विसंबू नका. एचआयव्ही नसलेल्यांत ती कित्येकदा चुकते, आणि नवख्या डोळ्याला लिंफोसाइटही बुरशी वाटतो. कडा रेखीव असलेलं वलय आणि फुटणारी कळी दिसली तरच होकार द्या. इंकमध्ये स्पष्ट बुरशी दिसते आणि पट्टी मात्र निगेटिव्ह, असं झालं तर नमुना पातळ करून पट्टी पुन्हा लावा. अँटिजन अति झालं की रेघ उमटत नाही. क्रॅग फक्त रक्तात पॉझिटिव्ह आलं तर तेवढ्यावर मेंदूतली बुरशी ठरवू नका, सीएसएफचं क्रॅगही हवं.

एडीए (सीएसएफमधलं एक एन्झाइम) दहाच्या वर गेला की टीबी, हे सूत्र पाठ असतं. क्रिप्टोकॉकसमध्येही तो वाढू शकतो, तेव्हा एडीए एकट्याने काही ठरवत नाही. उलट खूप कमी प्रतिकारशक्तीच्या रुग्णात बुरशी असूनही पेशी चार-पाचच आणि साखर-प्रोटीन जवळपास ठीक असू शकतं. नमुना उभा ठेवल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी साय आली तर टीबीचा विचार पक्का करा. सीबीनॅट पॉझिटिव्ह आला तर टीबी, निगेटिव्ह आला तरी टीबी नाकारला गेला नाही. क्रॅग निगेटिव्ह, चित्र टीबीचं आणि रुग्ण खालावत असेल तर कल्चरच्या सहा आठवड्यांची वाट पाहू नका, एकेटी सुरू करा.

कॉन्ट्रास्ट एमआरआय मिळत असेल तर टीबीत तळाचा भाग उजळलेला, वेंट्रिकल (मेंदूतले पाण्याचे कप्पे) फुगलेले, बेसल गँग्लियात (मेंदूच्या खोल भागात) इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) किंवा ट्युबरक्युलोमा (टीबीची गाठ) दिसतील. क्रिप्टोकॉकसमध्ये स्कॅन नॉर्मल असू शकतो, नाहीतर बेसल गँग्लियात जेलीसारख्या स्रावाने भरलेल्या पोकळ्या.

क्रॅग निगेटिव्ह, पेशींत न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हटायला तयार नाहीत, आणि आधी स्पायनल भूल किंवा पाठीत इंजेक्शन दिलेलं असेल तर वेगळी बुरशी आठवा. अमेरिकेत २०१२ मध्ये दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांनी असा उद्रेक झाला होता. अशा वेळी सीएसएफमध्ये गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन (बुरशीच्या पेशीभित्तीतले घटक) मागा.

एचआयव्ही असलेल्या रुग्णात डेक्साची घाई आणखी कमी आहे. २०२३ मध्ये व्हिएतनाम आणि इंडोनेशियातल्या चाचणीत अशा टीबी मेनिंजायटिस रुग्णांना डेक्साने स्पष्ट फायदा झालेला दिसला नाही. तेव्हा दहा मिनिटांची पट्टी होईपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही.

दोन्ही एकत्रही असतात, विशेषतः सीडी४ खूप खाली गेल्यावर. क्रॅग पॉझिटिव्ह आलं म्हणून सीबीनॅट रद्द करू नका. दोन्ही औषधं चालू झाली तर रिफाम्पिसिन फ्लुकोनाझोलची पातळी खाली आणतं, डोस ठरवताना वरिष्ठांना विचारा. अशा रुग्णात एआरटी (एचआयव्हीची औषधं) लगेच सुरू होत नाही. बुरशीत चार ते सहा आठवडे थांबतात, आणि हे एआरटी सेंटरच्या कार्डावर तारखेसह लिहून द्या, नाहीतर बाहेर पडताच कुणीतरी भल्यासाठी गोळ्या सुरू करतं. मोठ्या रुग्णालयात पाठवत असाल तर चिठ्ठीवर ओपनिंग प्रेशर किती, किती मिली काढलं, क्रॅग झालं की नाही आणि डेक्साचा एकही डोस दिला की नाही, एवढं स्वच्छ अक्षरात लिहा.