जबरी चोरीची शिक्षा आणि भरपाईचा आदेश : अपील करताना या चुका टाळा

जबरी चोरीच्या खटल्यात निकाल लागला की घरच्यांचे सारे लक्ष शिक्षा किती वर्षांची झाली याकडे लागते. निकालपत्राच्या शेवटी फिर्यादीला द्यावयाच्या भरपाईचा आदेश असतो. तो कोणी नीट वाचत नाही आणि मग अपिलाच्या मेमोत (म्हणजे आव्हानाचे मुद्दे मांडणाऱ्या लेखी अर्जात) त्याविरुद्ध एकही मुद्दा येत नाही. दोषसिद्धी, शिक्षेचे प्रमाण आणि भरपाई या तिन्ही बाबींना स्वतंत्रपणे आव्हान द्यावे लागते, कारण दोषसिद्धी कायम राहिली तरी भरपाईची रक्कम कमी होऊ शकते.

आदेश कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहावे. ‘दंड 10,000 रुपये, त्यापैकी 8,000 रुपये फिर्यादीस द्यावेत’ असे लिहिले असेल, तर ही भरपाई दंडातूनच द्यायची असते आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील दाखल झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत, ती फिर्यादीला दिली जात नाही. दंड न ठोठावता वेगळी भरपाई सांगितली असेल, तर मात्र तिच्या स्थगितीची मागणी अर्जात स्पष्टपणे करावी. शिक्षा स्थगितीचा अर्ज केवळ तुरुंगवासापुरता लिहिला, तर वसुलीचा प्रश्न तसाच राहतो. काही रक्कम जमा करण्याची अट न्यायालय घालू शकते, म्हणून आरोपीची मिळकत, कुटुंबाची जबाबदारी आणि मुद्देमालापैकी फिर्यादीला परत मिळालेल्या वस्तू यांची कागदपत्रे सोबत जोडावीत. भरपाईच्या प्रश्नावर न्यायालयाने विचार केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2013) या निकालात सांगितले आहे. त्याच निकालात आरोपीच्या ऐपतीची चौकशीही आवश्यक मानली आहे, म्हणून ती झाली नसेल तर अपिलात हा मुद्दा ठामपणे घ्यावा.

मुदतीबाबतची हयगय अनेकांना भोवते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात 30 दिवसांत, तर सत्र न्यायाधीशांच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात 60 दिवसांत अपील करावे लागते. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले आवश्यक दिवस वगळले जातात, परंतु त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेत केलेला असावा. वकिलाची फी जमत नाही म्हणून थांबणे तर अगदीच चुकीचे आहे, कारण तुरुंगातील व्यक्तीला कारागृह अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

‘आरोपी निर्दोष आहे, निकाल चुकीचा आहे’ एवढेच लिहिलेला मेमो कमकुवत ठरतो. ओळख परेड घटनेनंतर किती दिवसांनी झाली, त्याआधी आरोपी साक्षीदाराला दाखवला गेला होता का, जप्तीच्या पंचनाम्यावरील पंच फितूर झाला का, मंगळसूत्राचे वजन आणि वर्णन फिर्याद व पंचनामा या दोन्हींत जुळते का, हे साक्षीच्या परिच्छेदासह मांडावे. चोरी करण्यासाठी दुखापत किंवा तिची भीती घातल्याचा पुरावा नसेल, तर गुन्हा साध्या चोरीचा ठरू शकतो, हा पर्यायी मुद्दाही घ्यावा. तिघांपैकी एकाच्याच हातात चाकू असेल, तर प्राणघातक हत्यार वापरल्याबद्दलची किमान 7 वर्षांची शिक्षा ते स्वतः न वापरणाऱ्या इतर दोघांना त्या कारणाने लागू होत नाही. गुन्हा 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्यास भारतीय दंड संहितेचीच कलमे लागू राहतात, याकडेही लक्ष द्यावे.

फिर्यादीशी तडजोड केली की प्रकरण मिटते, असा समज करून घेऊ नये. जबरी चोरीचा गुन्हा आपसात मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही.

पीडितांकडूनही चूक होते. भरपाई अपुरी वाटली तर केवळ शासनाच्या अपिलावर विसंबून राहण्याचे कारण नाही, कारण अपुऱ्या भरपाईविरुद्ध पीडिताला स्वतः अपील करता येते. मात्र केवळ शिक्षा कमी झाली म्हणून त्याला अपील करता येत नाही. आरोपीकडून मिळणारी रक्कम पुनर्वसनाला पुरेशी नसेल, तर पीडित नुकसान भरपाई योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे शिफारस करण्याची विनंती खटला चालवणाऱ्या न्यायालयाकडे करता येते, आणि ती निकालापूर्वीच लेखी केलेली बरी.